गळ्याशी धरलेला पदर

लग्नाच्या पंगतीत समोर बसलेल्या बाईने पाणी पिण्याआधी पदर गळ्याशी धरला. घोट घेतला की थायरॉईडची गाठ वरखाली हलते, म्हणून. मला हे ठाऊक आहे, कारण माझी थोरली बहीण, अक्का, अशीच पाणी प्यायची.

गाठ म्हणजे कॅन्सरच, असं अक्काने मनाशी धरलं आणि कितीतरी वर्षं ती कोणाला दाखवलीच नाही. नटणं सोडलं. गळ्याला घट्ट बसणारी आईची ठुशी मोडून सुनेला बांगड्या केल्या.

शेवटी लेकीने ओढत दवाखान्यात नेलं. सुईने तपासणी झाली. "साधी गाठ आहे, आजी," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक अशाच असतात. एखादी कॅन्सरची निघते, म्हणून तर वेळेवर दाखवायचं."

आम्ही पेढे आणायला निघालो. अक्का गळ्यावरून बोटं फिरवत बसली.

"साधीच होती होय," ती म्हणाली, "मग आईची ठुशी का गं मोडली मी?"

समोरच्या बाईने पेला ठेवला, तसा पदर जरा सरकला. लग्नासारखं लग्न, आणि मंगळसूत्र सोडलं तर गळा ओका. ती हात धुवायला उठली. पानात जिलबी तशीच टाकून मीही उठले.