वन्संची टाकी

आमच्या वन्संचा हात भारी सढळ. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. राहायला आमच्याच घरी, नोकरी उंच इमारती गार ठेवणाऱ्या पाइपांचं गणित करायची. चौघांची भाजी करा म्हटलं तर दहाजणांची करतील, वर म्हणतील, "असू दे गं, कमी पडायला नको." शिळं खाऊन खाऊन मी मेटाकुटीला आलेले.

कामातही तीच तऱ्हा. पाणी गार करणारं यंत्र बंद केलं की पाइपातलं थंड पाणी कोमट होतं आणि फुगतं. बंद पाइपातलं पाणी फुगून जाणार कुठे? म्हणून त्याला हवा भरलेली टाकी जोडतात. तळघरात ठेवली तर वरच्या साऱ्या मजल्यांच्या पाण्याचा दाब तिच्यावर, म्हणून मोठी लागते. गच्चीवर छोटीनेही भागतं. वन्संनी पाइप मोजताना थोडं वाढवलं, उन्हाळा धरताना थोडं, आणि शेवटच्या आकड्यावर आणखी थोडं.

टाकी आली ती तळघराच्या दारातच अडकली. हत्ती गेला नि शेपूट राहिलं म्हणतात, इथे शेपूटसुद्धा आत जाईना! मुकादम हसून बेजार. साहेब मात्र हसले नाहीत.

"बाई, स्वतःच्या जबाबदारीवरचा हा तुमचा पहिला टॉवर. लिफ्टमध्ये मावेल अशी टाकी सांगा, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाईल."

त्या रात्री वन्सं ताट तसंच सारून कागद घेऊन बसल्या. त्यांनी गणित नव्याने मांडलं, वाढवलेलं सगळं खोडलं आणि टाकीची जागा गच्चीवर हलवली. नवी टाकी आली ती एवढीशी!

"पुरेल का हो?" मी आपलं विचारलं. वन्संनी असं काही बघितलं माझ्याकडे, की मी जीभच चावली.

रविवारी यंत्र बंद ठेवून टाकीची परीक्षा होती. वन्सं सकाळपासून गच्चीवर, दाब दाखवणाऱ्या काट्यासमोर. काटा लाल रेघेला टेकला की झडप उघडून पाणी बाहेर, आणि त्याबरोबर वन्संची अब्रूही. मी डबा घेऊन गेले. ऊन मी म्हणत होतं आणि काटा चढत होता.

"दोन घास खाऊन घ्या."

"गप बस गं!"

मीही मग डबा बाजूला ठेवून काट्याकडे बघत बसले. मेला आणखी चढला. रेघेच्या जरा अलीकडे थबकला. ऊन कललं तरी तिथून हलेना.

"पुरली!" मी ओरडलेच. "वन्सं, बरोब्बर पुरली!"

वन्सं मटकन खाली बसल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या.

"अहो, आता कशाला रडताय?"

"अगं, इतकी वर्षं मला वाटायचं, मला गणित येतच नाही. म्हणून वाढवत होते."

त्यांना जवळ घेतलं नि मीही रडले.