साफ केलेला मासा

वाकोल्याच्या चाळीत जानकीकाकींनी साफ केलेला मासा म्हणजे विषयच संपला. एक खवला दिसायचा नाही, पोटात रक्ताचा ठिपका नाही. नव्या सुना त्यांच्याकडे विळी धरायला शिकल्या आणि धरता धरता भरपूर बोलणी खाल्ली.

त्यांचे यजमान गुणाजीकाका यांची वॉचमनकी सुटली तेव्हा त्यांनी मुलुंडला शेडमध्ये तीन टाक्या बांधून तिलापिया पाळला. काकी रोज जाऊन दाणा टाकायच्या. माशांना 'पोरां' म्हणायच्या. पोरं मोठी झाली की विकायची, यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

मग एका टाकीतली पोरं गोल गोल फिरून मरायला लागली.

पुतण्या सिद्धेश अंधेरीच्या प्रयोगशाळेत कामाला. तो म्हणाला, "काकी, अंदाजानं औषध नको. माशाची प्लीहा, मूत्रपिंड काढून आम्ही त्यातल्या जंतूंची प्रथिनं तपासतो, त्यावरून जंतू कुठला ते कळतं. पण लवकर हां. औषध दाण्यातून द्यायचं, मासे खातायत तोवरच उपयोग. एक आजारी मासा बर्फात घालून पाठव."

काका स्वतः डबा घेऊन गेले. सिद्धेशनं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. मासा चकाचक. कल्ले नाहीत, पोट रिकामं, वरून मीठ-हळद. त्यानं तिथूनच काकींना फोन लावला.

"काकी, आतलं कुठाय?"

"मांजरान खाल्ल्यान. अरे, सायबांच्या हपिसात घाणीसकट मासो धाडू? माका रीत कळत नाय?"

"काकी, आम्हाला घाणच हवी होती गं! तू तर कालवणाची तयारी करून पाठवलीस."



दुसरा मासा आहे तसा गेला. पण यंत्रावरची पाळी तोवर दुसऱ्यांच्या नमुन्यांना मिळाली होती; काकींचा मासा शीतपेटीत रांग धरून पडला. अहवाल येईतो रोग बाकीच्या दोन टाक्यांतही पसरला. अहवालात जंतूचं नाव होतं, नेमकं औषधही होतं. काकांनी ते दाण्यात कालवून तिन्ही टाक्यांत टाकलं. दाणे पाण्यावर तरंगत राहिले. खायला कुणी वर आलं नाही.

काकींनी सिद्धेशला फोन लावला. "पयलो मासो होतो तसोच गेलो आसतो तर?"

"तसं सांगता येत नाही, काकी..."

"खोटा बोलू नको."

"दोन टाक्या वाचल्या असत्या."

काकींनी फोन ठेवला आणि कडेच्या टाकीचं बूच उपसलं. पाणी गटाराकडे धावलं.

"अगो, अजून दोन-चार जिती आसत," काका म्हणाले.

"आसंदेत," काकी म्हणाल्या. "आणि किती पोरां मरताना बघू?"