अकरा वाजताची नोकरी

आमच्या आईच्या लेखी माझ्याइतकी संस्कारी मुलगी आदिलाबाद जिल्ह्यात दुसरी नव्हती. मी खाली मान घालून बोलायचे आणि पाहुणे आले की आतल्या खोलीत पळायचे. मला पाहायला आलेल्या मंडळींकडेही मी एकदासुद्धा वर पाहिलं नाही. मंडळी खूश झाली, महिन्याभरात लग्न उरकलं. खरी गोष्ट एवढीच होती की समोरच्याच्या डोळ्यांत पाहिलं की मला त्याचं बोलणं कळेनासं होतं.

लग्नानंतर तेच गुण अवगुण झाले. नवऱ्याचं इचोड्याला रस्त्यालगत किराणा दुकान. काउंटरवर बसायचं, ट्रकचे हॉर्न सोसायचे आणि वर गिऱ्हाइकाकडे बघून हसायचं. मी हसत नव्हते, म्हणून घमंडी ठरले. एकदा एका बाईंनी विचारलं, "तूरडाळ चांगली हाय ना?" मी म्हटलं, "नाही, जुनी आहे. नवी परवा येते." नवऱ्याने कपाळाला हात लावला. संध्याकाळी माझ्यात घरच्यांशी बोलायचंही त्राण उरत नसे. वीस वर्षं मी स्वतःला आळशी समजत आले, आणि त्याचा मला अजून राग येतो.

धाकटी बहीण शिक्षिका आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांविषयीच्या एका प्रशिक्षणातून तिने मला फोन केला. "ताई, इथं लेकरांची लक्षणं सांगून राह्यले, अन् मले एकेका लक्षणाले तूच दिसून राह्यली!" आम्ही पोट धरून हसलो. फोन ठेवल्यावर मी रडले. मग डोळे पुसून नागपूरच्या डॉक्टरांची वेळ घेतली. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते.

माझं लहानपण पाहिलेलं कोणीतरी सोबत आणा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली, जणू माझं दुसऱ्यांदा लग्न जमवायचं होतं.

"लहानपणी ही नजरेला नजर द्यायची का?"

"छे वं बाई! आमच्या पोरी वर मान करून बोलत नाहीत."

"मैत्रिणी होत्या?"

"घराबाहेर जाते कायले? गुणाची पोरगी माही."

"काही हट्ट?"

"हट्ट नाही. फकस्त फ्रॉक पाह्यजे तर तोच निळा. एकडाव तिच्या बापानं जरासा येगळा निळा आणला, तं दोन दिवस जेवली नाही."

आईला वाटत होतं ती मला वाचवते आहे. डॉक्टरांचं पेन थांबत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला निदान झालं. ऑटिझम. डॉक्टरांनी ते जपून, हळू आवाजात सांगितलं, आणि मला तर नाचावंसं वाटत होतं. आईने औषध विचारलं. हा आजार नाही, घडणच अशी आहे, असं डॉक्टर म्हणाल्या. बाहेर आम्ही तर्री पोहे घेतले. दोन घास खाऊन ती म्हणाली, "म्हंजे तुले तवा तरास होत होता?"

"होत होता."

"अन् मी कौतुक करत राह्यली."

मला तिच्यावर राग धरता आला नाही. माझ्या बशीतली शेव मी तिच्या बशीत घातली.

काय करताना थकत नाहीस, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. रंग, मी म्हटलं होतं. एकदा पाहिलेली छटा मी विसरत नाही. म्हणून आदिलाबादच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये गेले. साडीवर ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, दोरा जुळवून देणारं दुकान. मालकीणबाईंना सगळं आधीच सांगून टाकलं: मला गप्पा जमत नाहीत, हसणं वेळेवर येत नाही. त्या म्हणाल्या, "गप्पा माराले मी हाय. तू कपडा दाखव." महिनाभर पाहू, असं ठरलं. जमलं नाही तर पुन्हा काउंटर आणि हॉर्न, हे मला पक्कं ठाऊक होतं.

ते दिवस मी तरंगत होते. भिंतभर कापडाचे तागे, एकट्या मोरपंखीचेच अकरा! साडी हातात आली की माझा हात आपोआप नेमक्या ताग्यावर जाई.

विसाव्या दिवशी सकाळी दुकान उघडताच एक बाई लग्नाची शेंदरी साडी घेऊन आल्या. बोहणीचं गिऱ्हाईक. आमच्याकडे दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ देत नाहीत, गेलं तर दिवस वाया गेला म्हणतात. मालकीणबाईंनी एक पीस पुढे केला. "घ्या, अगदी सेम." मी म्हटलं, "सेम नाही. उन्हात वेगळा दिसेल. हा रंग आपल्याकडे नाहीच." बाईंनी पीस उन्हात धरला, साडीची घडी घातली आणि निघून गेल्या.

मालकीणबाई देव्हाऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी पिशवी खांद्याला लावली.

"कुठं चालली वं?"

"तुम्ही आता नको म्हणाल."

"काऊन?" त्या माझ्याकडे नाही, ताग्यांकडे बघून बोलत होत्या. मला तसंच सोपं जातं, हे त्यांनी कधी हेरलं होतं कोण जाणे. "उद्यापासून अकराले येत जा. बोहणी मी करून ठेवतो. मंग तुले जेवढं खरं बोलाचं तेवढं बोल."

तेव्हापासून मी अकरालाच जाते. बस लवकर पोचली तर बाहेर पायरीवर बसून राहते.