दोन टोकांची वाटणी

भांडण मिटवायला मामाला बोलावलं, तर त्या उंटावरच्या शहाण्याने यंत्राचेच दोन भाग करून दिले. वडील गेल्यावर दोघा भावांत वर्कशॉपची वाटणी निघाली. लेथ, ड्रिल, कपाटं सगळं मुकाट्याने वाटलं गेलं. अडलं ते वडिलांनी हौसेने आणलेल्या एका जुन्या यंत्रापाशी. ओतीव लोखंडाचा लांबलचक बेड आणि त्यावर समोरासमोर दोन हेडं, म्हणजे हत्यारं फिरवणारी डोकी. मध्ये शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा, आवळला की दोन्ही हेडं दोन्हीकडून सरकत यायची, टोकं सपाट करायची आणि बरोबर मध्यावर सेंटरचं भोक पाडायची. दोघांनाही तेच हवं होतं. "मग एकेक बाजू घ्या आणि गप्प बसा," मामा म्हणाला. मामा वैतागून बोलला होता, पण दोघे इतके पेटले होते की त्यांनी खरंच तसं केलं. बेड आणि डावं हेड थोरल्याला, उजवं धाकट्याला. अर्ध्या कात्रीने जेवढं कापड कापतं तेवढाच त्याचा पुढे उपयोग झाला.

याला अकरा वर्षं झाली. थोरला आता एकोणसत्तरचा. बायको तीन वर्षांपूर्वी गेली, मुलगी लांब दिलेली. वर्कशॉपच्या मागच्या खोलीत तो एकटा राहतो, किरकोळ कामं करतो, एका ताटात जेवतो आणि तेच ताट धुऊन पालथं घालतो. दिवसाकाठी दहा वाक्यं बोलला तर पुष्कळ, आणि त्यातली सहा लेथला.

एके दिवशी त्याने उजवं हेड शोधायचं मनावर घेतलं. शेजारच्या वेल्डरने त्याला वेड्यात काढलं. ह्या वयात कुठले शाफ्ट करणार आहात, म्हणाला. शाफ्टचं कुणाला पडलं होतं! दोन्ही हेडं केसभरही न चुकता एका रेषेत आणायची तर ते काम एकट्याने होत नाही. एकाने फरक दाखवणाऱ्या डायलवर डोळा ठेवायचा, दुसऱ्याने लाकडी हातोडीने हेडाला हलके ठोके द्यायचे. डायल थोरल्याची, हातोडी धाकट्याची, अशी तरुणपणापासूनची सवय. म्हणजे उजवं हेड मिळालं की धाकट्याला बोलवायला कारण मिळणार होतं. त्याचा नंबर मामीने कधीच देऊन ठेवला होता. पण नुसताच कसा करायचा फोन? सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तशातली गत.

धाकट्याने चार वर्षांपूर्वी आपलं वर्कशॉप बंद केलं आणि तो मुलाकडे राहायला गेला, एवढं थोरल्याला ठाऊक होतं. धाकट्याचे लेथ ज्याने घेतले त्या गिअरवाल्याकडे तो आधी गेला. "ते हेड?" गिअरवाला म्हणाला. "त्याला तर कुणाला हात लावू देत नव्हते. ताडपत्रीखाली ग्रीस लावून ठेवलेलं असायचं." थोरल्याला इतका आनंद झाला की त्याने समोरचा चहा थंड होऊ दिला. गिअरवाल्याने सामान हलवणाऱ्या टेम्पोवाल्याचा पत्ता दिला, आणि टेम्पोवाल्याने पुलापलीकडच्या भंगारवाल्याचा. हा जाड भिंगांचा म्हातारा दोघाही भावांना ओळखणारा.

"उजवं ना? आलं होतं की," भंगारवाला म्हणाला. "तुमचा भाऊच घेऊन आला होता."

"पुढे कुणाला दिलंत?"

"भट्टीला गेलं."

"चालू हेड भट्टीला?" थोरला खेकसला. "हात कसा धजावला तुमचा?"

"माझ्यावर कशाला डाफरता मास्तर? तो विकायला आलाच नव्हता. टेम्पोत हेड घालून तुमच्याकडेच निघाला होता. वाटेत थांबून मला विचारलं, डावं अजून आहे का हो? असेल तर हे त्याच्या दारात उतरवून जातो म्हणाला. तुम्ही मला जे सांगितलं होतंत तेच मी त्याला सांगितलं."

काय सांगितलं होतं ते थोरल्याला विचारावं लागलं नाही. वाटणीच्याच वर्षी, ह्याच आवारात, चार माणसांसमोर तो मोठ्याने म्हणाला होता की डावं मी वितळवून टाकलं, मला नको कुणाचं अर्धं. धाकट्याच्या कानावर जावं म्हणूनच म्हणाला होता. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा, दुसरं काय! डावं हेड तर तेव्हाही घरी होतं आणि आजही आहे.

"मग? काय म्हणाला तो?"

"काही नाही. हेडावरची ताडपत्री काढून तिची घडी घातली. मग म्हणाला, चढवा काट्यावर."

थोरला आवाराबाहेर येऊन एका रिकाम्या पिंपावर बसला. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि मग नुसतं रडू आलं. आता कारण कसलंच उरलं नव्हतं. तरीही त्याने धाकट्याला फोन लावला.

धाकट्याने आवाज लगेच ओळखला असावा, कारण कोण बोलतंय असं त्याने विचारलं नाही. "काय काम होतं?" एवढंच म्हणाला.

"काम काही नाही. डावं हेड घरीच आहे. वितळवलं नव्हतं. मी खोटं बोललो होतो."

पलीकडे कुणीतरी भांडी लावत होतं, त्यांचे आवाज येत राहिले.

"आत्ता सांगतोस, दादा?" धाकटा म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

रागावला होता, उघडच होतं. त्याने रागवायलाच हवं होतं. पण अकरा वर्षांत थोरल्याला कुणी दादा म्हटलं नव्हतं.