काचेच्या इमारतीतली कवायत

मीटिंगमध्ये कुणी फार मोठं स्वप्न दाखवायला लागलं, की ताई चष्मा काढून स्वेटरच्या बाहीने पुसायच्या. मग तो डोळ्यांवर चढवून शांतपणे विचारायच्या, “पण तिथे येतं कोण?” तुमच्या ऑफिसात असं एखादं माणूस असेल, तर त्यानंतरची शांतता कशी असते हे मी सांगायला नको.

आमची टोकियोतली कंपनी संगणकातलं एक जग चालवायची. घरबसल्या हवं ते रूप घेऊन आत शिरायचं, हिंडायचं, गप्पा मारायच्या. मी पुण्याहून कंत्राटावर आलेला प्रोग्रामर. ताई पन्नाशीच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानात आलेल्या. टोकियोजवळच्या इचिकावाला आम्ही एकाच इमारतीत राहायचो. पहिल्या दिवशी मी त्यांना काकू म्हणालो. “ऑफिसात सगळे माझ्या नावाला ‘सान’ लावतात, आपल्या ‘जी’सारखं,” त्या म्हणाल्या. “काकू व्हायला मी एवढ्या लांब नाही आले.” मग ताईवर तडजोड झाली.

जपानी त्या स्टेशनजवळच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात शिकल्या. त्या दुकानात त्यांनी काही वर्षं गल्ल्यावर अर्धवेळ काम केलं होतं. जेवणाचा डबा घेणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायची तिथली भाषा तोंडात इतकी बसली होती, की एकदा विभागप्रमुखांना फाइल देताना त्यांनी अदबीने विचारलं, “गरम करून देऊ का?” प्रमुखही गडबडीत “हो, द्या” म्हणाले.

आमच्याकडे ताई ग्राहकांच्या पत्रांना उत्तरं द्यायच्या. त्यामुळे त्या जगात कोण येतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. येत होते ते बहुतेक म्हातारे. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाची मुलं दूर. आमच्या जगात समुद्रकाठचं एक जुनाट गाव होतं. तिथे रोज सकाळी साडेसहाला ही मंडळी रेडिओच्या तालावर कवायत करायची. कोल्हा, यंत्रमानव, नवरीच्या वेषातले एक आजोबा, आणि पुढे उभं राहून आकडे मोजणारं एक कासव.

प्रमुखांना मात्र तरुण हवे होते आणि मोठ्या कंपन्या हव्या होत्या. गाव पाडून तिथे काचेची उंच इमारत उभारायची, कंपन्या तिच्यात सभा घेतील, अशी योजना ठरली. ताईंनी चष्मा पुसला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. प्रमुखांनी आपला ग्राहक कोण, त्याचं वय किती, याचा तक्ता पुन्हा दाखवला. ताई म्हणाल्या, “हे तुम्हाला हवे आहेत ते लोक. मी आलेल्यांबद्दल विचारतेय.” प्रमुख म्हणाले, विचार करू. जपानी ऑफिसात याचा अर्थ नाही असा होतो.

गाव पाडलं. तिथे येणाऱ्यांना तसं कळवणारी सूचना लिहायचं काम ताईंकडेच आलं. एका छापील मजकुरावर भागलं असतं, पण त्यांनी प्रत्येकाला वेगळं पत्र लिहिलं. जेवणाची सुट्टीही त्या आठवड्यात त्यांनी घेतली नाही. मी विचारलं, एवढं काय लिहिता? म्हणाल्या, “नवा पत्ता कळवतेय.”

त्याचा अर्थ मला पंधरा दिवसांनी कळला. एक बडी कंपनी इमारत बघायला येणार होती. त्यांच्या अध्यक्षांना सकाळी लवकर उठायची सवय, म्हणून वेळही साडेसहाचीच ठरली. प्रमुख पाहुण्यांना घेऊन आत शिरले, तर काचेच्या दिवाणखान्यात चाळीसेक प्राणी हात वर करून उभे. प्रमुख दिलगिरी व्यक्त करू लागले, तेवढ्यात कासवाने त्यांना दटावलं, “हात आणखी वर!” आणि त्यांनी केले. अध्यक्षांनीही केले.

त्या कंपनीने जागा घेतली नाही. इतरही कुणी टिकलं नाही. काही महिन्यांनी प्रमुखांनी गाव परत बांधायला काढलं, आणि वरच्यांना दिलेल्या अहवालात ती कल्पना आपली म्हणून दाखवली. मी चिडलो. ताई म्हणाल्या, “असू दे. गाव झालं ना?” प्रमुखांबद्दल एक सांगायला हवं. ते आता स्वतःच्या आईला घेऊन कवायतीला येतात.

पुढे ताईंच्या नवऱ्याचं कंत्राट संपलं आणि दोघं पुण्याला परतली. निरोपाच्या वेळी त्यांनी मला कचऱ्याच्या पिशव्यांचा उरलेला गठ्ठा दिला आणि कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा ते पुन्हा एकदा बजावलं.

परवा सहज मी गावात गेलो. कवायत संपल्यावर कासवाने ताईंची चौकशी केली. मजेत आहेत, मी म्हणालो. मग कासवामागचे आजोबा सांगू लागले, की बायको वारल्यावर त्यांनी स्वतःचं खातं बंद करण्यासाठी आमच्याकडे दोन ओळींचं पत्र पाठवलं होतं. ताईंनी उलट टपाली विचारलं होतं, तुम्हाला मोठ्याने आकडे मोजता येतात का? सकाळी तसं माणूस हवं आहे.

ताई यातलं एका शब्दाने कधी बोलल्या नव्हत्या. आम्ही दोघं समुद्राकडे बघत उभे राहिलो. पाणी मीच रंगवलेलं होतं, तरी बराच वेळ बघत राहिलो.