हरणीच्या बरगड्या

गुंजीच्या जयाबाई रोज संध्याकाळी हरणीला पुढ्यात घेऊन बसतात आणि तिच्या कानांच्या लांब केसांत अडकलेली कुसळं लाकडी फणीने काढतात. हरणी म्हणजे पश्मी, शिकारी जातीची केसाळ कुत्री. तोंड निमुळतं, अंग सडपातळ. "उपाशी ठेवता व्हय हिला?" असं कुणी विचारलं, की जयाबाईंचं टाळकं फिरतं. "जातच तशी हाय! तीन बरगड्या दिसायलाच पायजेत!"

पण लेक रचनाला बघायला सदलग्याचे पाहुणे येणार म्हटल्यावर याच बाईंनी कच खाल्ली. घरचं कुत्रं असं हडकुळं बघून पाहुणे काय म्हणतील? महिनाभर त्यांनी हरणीला दूधभात आणि तूप चारलं. बरगड्या दिसेनाशा झाल्या.

पाहुणे आले. मुलाच्या आत्याच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या पश्मी पाळलेल्या. पोह्यांची बशी तशीच ठेवून ती उठली आणि हरणीची पाठ चाचपू लागली.

"आक्का, ही लई सुटलीया की वो. पळंल कशी?"

"तुम्ही नावं ठिवशीला म्हणूनच चारली!" जयाबाई फणकारल्या.

आत्या खो-खो हसली. "पोरगी पसंत हाय. पर साखरपुड्याला येणार ते हिच्या तीन बरगड्या दिसल्यावरच."

तेव्हापासून रोज सकाळी स्टेशनच्या रस्त्याला हरणी पुढं आणि पदर खोचून जयाबाई मागं, अशी पळापळ चालू आहे. महिना झाला. बारीक झाल्या त्या जयाबाई.