फडक्यावरचे निळे कण

बिरवाडीत आमच्या शेजारी राहणाऱ्या आजी पिण्याचे पाणी गाळून झाले की फडके उन्हात धरून पाहत. तांब्याचा हंडा मोडीत घालून घेतलेले प्लॅस्टिकचे पिंप आतून सोलवटत होते. त्याचे निळे कण फडक्यावर रोज दिसत.

एकदा त्या फडके आणि पेलाभर गाळलेले पाणी घेऊन, पिंप घेतले होते त्या दुकानात आल्या. मी तिथेच होतो.

"रंग हाय तो, आजी. पोटात काय राहत नाय," दुकानदार म्हणाला.

"फडक्यातनं निसटतं ते माझी नात पिते. तू एक घोट घे रे."

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला दोरी मापून देऊ लागला. थोडा वेळ थांबून आजींनी ते पाणी स्वतःच पिऊन टाकले आणि पदराने ओठ पुसत त्या घरी गेल्या.

आमच्याकडेही तसलेच पिंप आहे. पाणी मीही गाळतो. फडके मात्र न पाहताच झटकतो.